पाळूवरची टिपणे

बालाघाटाचा डोंगर धाराशिव जिल्ह्याच्या मधून जातो. त्याच्या एका उतारावर पडलेला पाऊस तेरणेतून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला मिळतो. दुसऱ्या उतारावरचा बोरी, सीनेच्या वाटेने भीमेत आणि पुढे कृष्णेत जातो. मांजरा आणि सीना बाहेरून येतात, पण त्या जिल्ह्याच्या कडेकडेने निघून जातात. मधल्या मोठ्या मुलखाला दुसऱ्याचं पाणी वाहत येत नाही. वरून जे पडेल तेच आपलं, आणि त्यातलं जे अडवलं तेच उन्हाळ्यात दिसणार.

म्हणून इथं नदीपेक्षा तळ्याचा आधार मोठा. पाटबंधाऱ्याच्या यादीत लहान, मध्यम, मोठे मिळून सव्वादोनशेच्या आसपास प्रकल्प आहेत. पाझर तलाव आणि गावतळी वेगळीच. आठ तालुक्यांपैकी कुठल्याही तालुक्यात तासभर गाडीवर फिरा, एखादी पाळू, म्हणजे तळ्याचा भराव, डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही.

*

यातली कितीतरी तळी १९७२ च्या दुष्काळानं दिली. सुकडी आणि मिलो खाऊन माणसांनी खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलावांचे भराव रचले. त्या कामातूनच रोजगार हमीची योजना पक्की झाली आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तिला कायद्याचा आधार मिळाला. वि. स. पागे यांचं नाव त्या कायद्याशी जोडलेलं आहे. ज्यांनी पाट्या उचलल्या त्यांची नावं मात्र हजेरीपटात राहिली.

हे आठवायचं कारण असं की, आज एखादं तळं कुणाच्या मालकीचं म्हणून भांडण निघतं, तेव्हा खात्याचं नाव पुढे येतं, सातबारा पुढे येतो, पण ते कुणी उभं केलं हा प्रश्न कागदावर कुठं येतच नाही. अर्धं गाव त्या भरावावर राबलेलं असतं. पाळूवर बसलेली एखादी आजी सांगते, "हितं आमी टोपलं व्हायलंय, लेकरू झाडाला झोळीत घालून." तिचा त्या पाण्यावर किती हक्क धरायचा, याचं कोष्टक कुठल्याच कार्यालयात नाही. मला तो हक्क खरा वाटतो.

*

एका मध्यम आकाराच्या तळ्यावर किती जणांचा हक्क असतो, ते एकदा लिहून काढावं म्हणून बसलो.

भिंत, सांडवा, कालवा आणि पाणी सरकारी यंत्रणेचं. शंभर हेक्टरपर्यंतच्या सिंचनाचं तळं असेल तर जिल्हा परिषदेचं, त्याहून मोठं असेल तर मृद व जलसंधारणचं किंवा जलसंपदेचं. बुडीत क्षेत्राची जमीन संपादित केलेली, त्यामुळे सरकारची, पण कित्येक ठिकाणी सातबाऱ्यावर जुनीच नावं चालू. शहरासाठी किंवा गावासाठी आरक्षित केलेलं पाणी नगरपरिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचा कालव्यावर हक्क. काठच्या शेतकऱ्याचा मोटारीवर. त्यातल्या काहींकडे उपसा परवाना असतो, बाकीच्यांकडे नुसती मोटार. मासे मच्छीमार सहकारी संस्थेचे, ठेका घेतलेला. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की उघडी पडलेली गाळपेर जमीन हंगामापुरती भाड्यानं दिली जाते, तिच्यावर हरभरा, काकडी, टरबूज निघतं. तो हक्क बहुतेक वेळा ज्यांची जमीन बुडाली त्यांचा किंवा भूमिहीनांचा. गाळ उचलून नेणारे शेतकरी. माती नेणारे वीटभट्टीवाले. धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी घेऊन येणारी पोरं, गणपती-देवी विसर्जन करणारी मंडळं.

आणि हिवाळ्यात येणारे चक्रवाक. त्यांच्याकडे कुठलाच परवाना नाही.

यातल्या बहुतेकांकडे आपापला कागद आहे. सगळ्यांचा कागद पाण्याच्या काठापर्यंत येऊन थांबतो. जिथून पाणी येतं तो पाणलोट, तो ओढा, ती माळावरची उताराची जमीन कुणाच्याच कागदात तळ्याची म्हणून नोंदलेली नाही. शहर वाढतं ते नेमकं तिथंच.

*

एक हिशेब.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. एक लाख वस्तीला दिवसाला एक कोटी पस्तीस लाख लिटर. वर्षाचं पाच दलघमीच्या किंचित खाली. (एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर.)

पाटानं भिजणाऱ्या उसाला हेक्टरी वीस ते पंचवीस हजार घनमीटर पाणी लागतं. म्हणजे लाखाच्या शहराचं वर्षभराचं पाणी दोनशे ते अडीचशे हेक्टर उसाइतकं. कारखान्यांच्या या जिल्ह्यात हा आकडा फार लहान आहे. शहरामुळे शेती सुकते ही तक्रार मी कैकदा ऐकली आहे. आकडे तिला पुरता आधार देत नाहीत.

शहराचं खरं ओझं दुसऱ्या टोकाला आहे. वापरलेल्या पाण्यातलं सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. लाखाच्या शहरातून वर्षाला चार दलघमीच्या आसपास. जिल्ह्यातले कितीतरी लघु तलाव पूर्ण भरल्यावरही एवढे नसतात. हे पाणी शुद्ध केलं तर एक अख्खं तळं आपल्या हाताशी येतं, आणि तसंच सोडलं तर ते उताराखालचं एक तळं खराब करतं. दोन्हींच्या मधला काही मार्ग नाही.

*

तेर. शिवाराच्या मातीत खापरं सापडतात आणि संग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा मांडून ठेवल्यात. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात याचंच नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वी हे तेरणेकाठचं शहर होतं. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आज आपण हात जोडतो.

इथल्याच तेरणा प्रकल्पाचं पाणी धाराशिव शहरानं वर्षानुवर्षं प्यालं. ढोकी, तडवळा, येडशी या गावांच्या नळांचीही भिस्त त्याच्यावर. लाभक्षेत्र त्याच्याच खाली. शहर लहान होतं तोवर हे जमत होतं. २०११ च्या जनगणनेत शहर लाखापुढे गेलं आणि त्याच सुमारास मोठे दुष्काळ आले. २०१२-१३ मध्ये नळाला आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं. पाण्याचा वार ठरलेला असायचा आणि त्या दिवशी घरातलं कुणीतरी कामावर जायचं नाही. मग भीमेवरच्या उजनी धरणाची पाइपलाइन आली.

ती आली म्हणून शहर तगलं, हे आधी मान्य करायला हवं. ज्यांनी टँकरच्या मागे घागरी घेऊन धावणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, त्यांना त्या पाइपलाइनविषयी वावगं बोलवणार नाही.

*

पण उजनीचं पाणी म्हणजे काय, तेही लिहून ठेवतो.

शंभराहून अधिक किलोमीटर अंतर. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आत, धाराशिव साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे पाणी दीडशे मीटरहून जास्त चढवून आणायचं. प्रत्येक थेंबाला विजेचं बिल. बिल थकलं की पुरवठा तुटण्याची धास्ती, वाटेत जलवाहिनी फुटली की चार दिवस कोरडे.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेत येतं आणि भीमा उजनीत येते. पुण्यानं आपल्या नद्यांचं जे केलं, त्याची किंमत सोलापूर मोजतं आणि आता धाराशिवही. आपण आपल्या तळ्यांपासून निघालो आणि दुसऱ्या एका वाढत्या शहराच्या उताराखाली जाऊन बसलो.

आणि तिसरी. लांबचं पाणी आलं की जवळच्या तळ्याकडे शहराचं लक्ष उरत नाही. नळ चालू आहे तोवर तेरणेत किती साठा आहे, रुईभरच्या तळ्यात किती आहे, हे विचारतो कोण? ज्या तळ्याचं पाणी आपण पीत नाही, त्याच्या ओढ्यात कचरा पडला तर आपलं पोट दुखत नाही. पाण्याच्या सगळ्या प्रश्नात मला हे सर्वांत धोक्याचं वाटतं. पुढचा दुष्काळ उजनीलाही गाठणार, तेव्हा हे जवळचं तळं हाताशी असावं लागेल, आणि ते एका उन्हाळ्यात तयार होत नाही.

*

धाराशिवजवळचं, हातलाईच्या डोंगराखालचं तळं. संध्याकाळी लोक फिरायला येतात, पोरं दगड भिरकावतात, वर देवीची घंटा वाजते. शहराजवळ असं एक ठिकाण असणं हे सुख आहे.

तळ्याचं सुशोभीकरण हा शब्द ऐकला की मात्र मला काळजी वाटते, कुठल्याही गावात. बहुतेक आराखड्यांत काठ सिमेंटचा होतो, पायवाट फरशीची होते, कारंजं येतं. उथळ, चिखलाचा, पाणगवताचा काठ पहिल्याच टप्प्यात जातो. तो काठ म्हणजे माशांची अंडी, बगळ्यांचं चरणं, पाणी गाळण्याची जागा. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर आधी काठ सजले. आत मात्र सांडपाण्याचे नाले येत राहिले आणि पाणी हिरवं पडत गेलं. पैसा आधी ओढ्यावर खर्चावा, मग काठावर. एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ.

*

नळदुर्गाला गेलं की माणसं नर आणि मादी धबधबे बघतात, फोटो काढतात. मी दर वेळी भिंतीकडे बघत राहतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदी किल्ल्यातच अडवून हा बंधारा बांधला आणि भिंतीच्या पोटात पाणीमहाल. किल्ल्याला पाणी आणि खंदक दोन्ही त्यातून मिळालं. नदीला पूर येणार हे बांधणाऱ्यानं धरूनच चालावं, तशी त्यानं तिला जायला दोन वाटा करून दिल्या. चारशे वर्षांत कैक पूर त्या दोन वाटांनी गेले आणि भिंत उभी आहे.

याच नदीवर, किल्ल्याच्या वरच्या अंगाला, आताचं बोरी धरण आहे. ते भरून वाहिलं की धबधबे सुरू होतात. नळदुर्ग, अणदूर आणि तुळजापूर त्याचं पाणी पितात. तुळजापूर हे काही वस्तीच्या आकड्यावर मोजायचं गाव नव्हे. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसांचे लोंढे पायी येतात. गावच्या वस्तीच्या कितीतरी पट माणूस त्या दिवसांत आंघोळ करतं, स्वयंपाक करतं. मंदिर परिसराचा विकास, भक्तनिवास, लॉज, रेल्वे हे सगळं होणार आणि व्हावं. पण त्या सगळ्याचं पाणी बोरीतून येणार.

आणि बोरी पुढे कुठं जाते? अक्कलकोट तालुक्यात. तिथं हरणा तिला मिळते आणि कुरनूरचं धरण आहे. अक्कलकोट शहर त्यावर. म्हणजे आईच्या दारचा यात्रेकरू आणि स्वामींच्या दारचा यात्रेकरू एकाच नदीचं पाणी पितात. एक वरच्या धरणातून, एक खालच्या. दोन तीर्थं, दोन जिल्हे, दोन नगरपरिषदा, दोन देवस्थानं. वर्षातून एकदा तरी या सगळ्यांनी एकत्र बसून बोरीचं काय चाललंय हे बघायला नको का? नवरात्राच्या गर्दीचं नियोजन करायला बैठका होतात. नवरात्राच्या सांडपाण्याचं नियोजन त्याच बैठकीत पहिल्या क्रमांकावर असायला हवं.

*

तुळजापूरपाशीच रामदरा तलाव. कृष्णा-मराठवाडा योजनेतलं पहिल्या टप्प्याचं सात टीएमसी पाणी उजनीकडून टप्प्याटप्प्यानं उचलून आणायचं, त्याची एक बाजू या तलावात संपते. अनेक वर्षांची मागणी आहे ती, आणि न्याय्य आहे. पाणी आल्यावर रामदऱ्याच्या काठच्या जमिनींचं काय होईल, तेवढं आत्ताच ठरवावं. पाणी येणार म्हटलं की भाव आधी येतो.

*

सोलापूरच्या उत्तरेला हिप्परग्याचा तलाव, म्हणजेच एकरुख. इंग्रजांच्या काळात १८७१ ला पुरा झाला. आदिला नदीवर मातीचं मोठं धरण. सोलापूरला त्यातून पाणी मिळालं, गिरण्यांचं शहर त्या आधारानं वाढलं.

आदिला येते तुळजापूर तालुक्यातून. पाऊस पडतो धाराशिव जिल्ह्यात, तळं भरतं सोलापूर जिल्ह्यात. तामलवाडीकडच्या पट्ट्यात आता उद्योग येताहेत, महामार्ग चौपदरी झालाय, रस्त्याकडेच्या जमिनी बिगरशेती होताहेत. तिथल्या एखाद्या ओढ्याचं काय करायचं हे धाराशिवच्या कार्यालयात ठरणार आणि त्याचा परिणाम सोलापूरच्या तळ्यात दिसणार. बोरीच्या बाबतीत वरची बाजू आपली आहे, इथंही आपलीच. उजनीच्या बाबतीत आपण खालचे. पुण्यानं आपल्याशी कसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसं आपण सोलापूरशी वागतो का? हा प्रश्न मला धाराशिवच्या सभागृहात विचारलेला ऐकायचा आहे.

*

ओढ्याविषयी.

तळ्यावर अतिक्रमण झालं की बातमी होते. ओढ्यावर झालं की होत नाही. मोजणी होते, लेआउट पडतो, प्लॉट विकले जातात. मधून जाणारा ओढा आधी सरळ केला जातो, मग अरुंद केला जातो, मग त्यात सिमेंटचे पाइप टाकून वरून रस्ता काढतात. पहिली काही वर्षं पाऊस बेताचाच असतो, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. तळ्यात येणारं पाणी मात्र दर वर्षी थोडं कमी येत राहतं आणि खातं म्हणतं, आवक घटली.

मग एक वर्ष असं येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात सीनेनं आणि तिच्या ओढ्या-नाल्यांनी जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात माणसं घरांच्या छतावर अडकली, जनावरं दावणीला बुडाली, मातीसकट पिकं वाहून गेली. त्याआधी दोन वर्षं, २३ सप्टेंबर २०२३ ला, नागपुरात अंबाझरी ओसंडली आणि खालच्या वस्त्यांत रात्रीतून पाणी शिरलं. १८७० सालचा तलाव. त्याच्या सांडव्याच्या वाटेवर शहरानं काय काय बांधून ठेवलं होतं, याची चर्चा पुढे न्यायालयापर्यंत गेली.

सांडवा आणि त्याखालची वाट ही रिकामी जागा वाटते. वर्षातले साडेतीनशे दिवस ती रिकामीच असते. उरलेल्या दिवसांसाठी ती ठेवायची असते.

*

हैदराबादचं उदाहरण धाराशिवनं मुद्दाम बघावं. आपण त्या राज्यात होतो. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि शहराच्या वरच्या अंगाला दोन तलाव झाले: १९२० ला उस्मानसागर, १९२७ ला हिमायतसागर. पूर अडला, पिण्याचं पाणी मिळालं. ज्या निजामाचं नाव आपल्या जिल्ह्याला होतं, त्याचंच उस्मानसागरला.

१९९६ मध्ये तिथल्या सरकारनं १११ क्रमांकाचा आदेश काढला. दोन्ही तलावांभोवती दहा किलोमीटरच्या पाणलोटातल्या ८४ गावांत मोठी बांधकामं, प्रदूषण करणारे उद्योग नकोत. म्हणजे तळं वाचवायचं तर पाणलोट वाचवावा लागतो, हे कागदावर आलं. शहर कृष्णा-गोदावरीचं लांबचं पाणी पिऊ लागलं, जमिनींचे भाव चढले, आणि २०२२ मध्ये ते निर्बंध उठवणारा आदेश निघाला. कारण काय दिलं? या तलावांवर आता शहर अवलंबून नाही.

ते वाचलं आणि मला तेरणा आठवली.

*

कायद्याचं.

सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावाचं तळं बुजवून घरं बांधली होती. न्यायालयानं सांगितलं की गावाची सामाईक जागा गावाची. राज्यांनी अशी अतिक्रमणं काढण्याच्या योजना कराव्यात. निकाल ठाम आहे आणि गावकऱ्यांच्या हातात घेण्यासारखा आहे.

पाणथळ जागांचे २०१७ चे नियम मात्र आपल्या फारसे उपयोगी नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. आपल्या जिल्ह्यातलं जवळपास प्रत्येक तळं माणसानं बांधलेलं, आणि याच दोन कामांसाठी बांधलेलं. नैसर्गिक सरोवराला जे कवच मिळतं ते इथल्या तळ्याला मिळत नाही, मग त्यावर कितीही पक्षी उतरोत. इथं राज्याच्या पातळीवर काही करावं लागेल: बांधलेल्या तळ्यांच्या पाणलोटासाठी वेगळी तरतूद. आमदारांना भेटायला जाताना सोबत न्यायचा हा मुद्दा आहे.

*

मांजरा. धरण धनेगावला, बीड जिल्ह्यात. पाणी कळंबचं, केजचं, अंबाजोगाईचं, लातूरचं, लातूरच्या औद्योगिक वसाहतीचं. खाली उसाचा पट्टा. पूर्ण भरलं तर २२४ दलघमी. २०१५-१६ ला त्यात काही उरलं नाही. लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. सगळ्या देशानं ती गाडी पाहिली.

त्या वर्षी कळंबनं काय सोसलं ते फारसं कुणी पाहिलं नाही. मोठ्या शहराच्या मागे लहान शहर लपतं. एकाच धरणावर पाच-सहा गावं असतील तर आरक्षणाच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याची गरज आधी लिहिली जाते. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या खालोखाल उद्योग होता आणि शेती तिसरी; २०११ मध्ये तो क्रम बदलून शेती दुसरी केली. कागदावरचा क्रम बदलला. बैठकीतल्या खुर्च्यांचा क्रमही बदलायला हवा.

*

मच्छीमार संस्थेच्या एका माणसाशी पाळूवर बोलणं झालं. "दादा, ठेका पाच वर्षांचा, पाणी दोन वर्षांचंच," म्हणाला. कटला, रोहू, मृगळचं बीज सोडायचं, ते वाढायला दहा-बारा महिने लागतात. मार्चमध्ये पिण्यासाठी पाणी राखायचा आदेश निघतो, काठच्या मोटारींची वीज तोडतात, ती रात्री पुन्हा जोडली जाते. पाणी मृतसाठ्याखाली जातं आणि बोटभर मासा मिळेल त्या भावानं काढावा लागतो. "आमाला कुनी इचारत न्हाई. पानी कमी व्हनार हाय यवढं आदी सांगितलं तरी बीज कमी सोडलं असतं."

एवढंच त्याचं मागणं. आधी सांगा.

*

गाळ. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही २०१७ ची योजना मला मनापासून आवडते. तळ्याची जागा मोकळी होते, माळरानाला माती मिळते. दोन गोष्टी जपाव्यात. ट्रॅक्टर ज्याच्याकडे आहे त्याच्याच शेतात गाळ जातो, अल्पभूधारकाची पाळी येईपर्यंत पाऊस येतो. आणि गाळ काढता काढता खालचा मुरूम निघायला लागला की थांबायला हवं. मुरमाला रस्त्याच्या कामावर गिऱ्हाईक असतं, म्हणून मशीन थांबत नाही.

*

शंभर हेक्टर पाणपसाऱ्याच्या तळ्यातून वर्षभरात दीड मीटर पाणी हवेत उडालं तरी दीड दलघमी गेलं. म्हणजे लाख वस्तीचं साडेतीन महिन्यांचं पिणं. तळं उथळ होत जातं तसा हा तोटा वाढत जातो. गाळाचं टिपण आणि हे टिपण एकत्र वाचावं.

*

सामाईक गोष्ट माणसं ओरबाडूनच खातात, हे मला पटत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणं, मासेमारी, पाटपाणी अभ्यासून १९९० मध्ये दाखवलं की वापरणारे एकत्र बसले, हद्द ठरली, नियम त्यांनीच केले आणि मोडणाऱ्याला दंड झाला, तर सामाईक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. २००९ ला त्यांना नोबेल मिळालं. आपल्याला इतक्या लांब जायचं कारण नाही. धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाटकरी आणि गावपंच हेच करत होते. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या शेतकऱ्यांनी वाघाड धरणावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि शेवटच्या टोकाच्या शेतालाही पाणी पोचवलं.

२००५ च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना मान्यता दिली. त्यात बसतो तो लाभक्षेत्रातला शेतकरी. नगरपरिषद नाही, मच्छीमार नाही, गाळपेरवाला नाही, वरच्या पाणलोटातलं गाव नाही. तळं ज्यांच्यात वाटलं गेलंय ते सगळे एकमेकांना भेटतात ते पाणी संपल्यावर, तहसीलच्या आवारात, आपापलं निवेदन घेऊन.

*

दर वर्षी १५ ऑक्टोबरचा साठा धरून पाण्याचा हिशेब मांडतात. मग कालवा सल्लागार समिती बसते, पिण्याचं आरक्षण ठरतं, रब्बीच्या पाळ्या ठरतात. बैठक आहेच, नवी काढायला नको.

त्या बैठकीत तळ्यागणिक चार माणसं वाढवावीत: मच्छीमार संस्थेचा एक, गाळपेर करणाऱ्यांतला एक, पाणलोटातल्या वरच्या गावाचा सरपंच, आणि शहरात जिथं नळाला सगळ्यांत शेवटी पाणी येतं त्या वस्तीतली एक बाई. साठ्याच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे मांडावेत. तळ्यात येणाऱ्या ओढ्यांची रुंदी गेल्या वर्षी किती होती आणि आता किती आहे. शहराचं किती सांडपाणी शुद्ध झालं, किती तसंच गेलं. आणि पाणलोटात वर्षभरात किती गुंठे जमीन बिगरशेती झाली. तिन्ही आकडे सरकारी दप्तरांत वेगवेगळ्या टेबलांवर निघू शकतात: भूमी अभिलेख, नगरपरिषद, तहसील.

तेरणेपासून सुरुवात करावी. शहरानं तिचं पाणी इतकी वर्षं प्यालंय, आणि उजनीची मोटार बंद पडली की पुन्हा तिच्याकडेच जायचंय. धाराशिव नगरपरिषदेनं ठराव करून तेरणा, रुईभर आणि हातलाई ही शहराची राखीव तळी म्हणून लिहून घ्यावीत, पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा त्यांच्या ओढ्यांसाठी बाजूला काढावा, आणि तो कुठं खर्च झाला ते दर वर्षी चौकातल्या फलकावर लावावं. ठरावाचा मसुदा लिहायला घेतलाय. मोजणीचं काम येणारी दोन-चार माणसं सोबत हवी आहेत.